देवासचे मास्तर आणि नगरची छावणी

(देवास येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं लिखित रूप)



विषय कळवला तेव्हा संयोजकांनी मला अगदी सरळ विचारलं, की हिटलरने ज्यूंचा संहार केला हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यावर मालव्यात व्याख्यान कशासाठी? प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर या गावच्या राजवाड्यातच आहे, पण तिथे पोचायला थोडं फिरून जावं लागेल. आधी एक गैरसमज बाजूला करू.

तुमच्या फोनवरही हा मजकूर येऊन गेला असेल: हिटलरच्या तावडीतून सुटलेल्या हजारो ज्यूंना कोल्हापूरच्या छत्रपतींनी आसरा दिला. वाचून छाती फुगते. कोल्हापूरचा आणि देवासच्या दोन गाद्यांपैकी थोरल्या पातीचा सोयरसंबंध असल्यामुळे देवासकरांची जरा जास्तच फुगते. शाहू महाराजांच्या कन्या आक्कासाहेब इथल्या तुकोजीराव महाराजांना दिलेल्या. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंहराव १९३७ साली इथे गादीवर आले आणि १९४७ साली दत्तक जाऊन शहाजी छत्रपती म्हणून कोल्हापूरच्या गादीवर बसले. तेव्हा कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात परदेशी निर्वासितांची छावणी अजून भरलेली होती. म्हणजे त्या छावणीचे शेवटचे यजमान देवासचे.

पण छावणीत होतं कोण? पोलंडचे लोक. सुमारे पाच हजार, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं, आणि धर्माने जवळजवळ सगळे कॅथलिक. त्यांना घराबाहेर काढलं ते हिटलरने नव्हे, स्टालिनने. १९३९ साली पोलंडचे दोन लचके तोडले गेले. पूर्वेकडचा रशियाच्या वाट्याला आला आणि तिथली लाखो माणसं सैबेरिया नि कझाकस्तानात नेऊन टाकली गेली. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटल्यावर त्यांची सुटका झाली. त्यांतली काही इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्यात राहिली. खर्चाचा मुख्य भार लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारवर होता. पुढे त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं, जिथल्या कापडबाजारात आज आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो. कोल्हापूरने माणुसकी दाखवली यात शंका नाही. ते पोलिश लोक म्हातारपणीही वळिवड्याची आठवण काढत आणि भेटायला येत. पण जो संहार आज आपला विषय आहे, त्यातून वाचलेले ते नव्हेत. पोलंडच्या तेहतीस लाख ज्यूंपैकी सुमारे तीस लाख मारले गेले. वळिवड्याला पोचायची संधी त्यांच्यापर्यंत आलीच नाही.

आश्रयाची गोष्ट धारहून आलेल्या मंडळींना मी सांगायला नको. नारायणरावांच्या खुनानंतर आनंदीबाई गरोदरपणी धारच्या किल्ल्यात येऊन राहिल्या आणि जानेवारी १७७५ मध्ये दुसरे बाजीराव तिथे जन्मले. आनंदीबाईंबद्दल आपलं मत काहीही असो, धारच्या पवारांना तो आश्रय महाग पडला. पुण्याची फौज दारात आली आणि मुलूख जप्त झाला. जर्मनीतल्या ज्यूंसाठी १९३३ ते १९३९ या सहा वर्षांत एवढी जोखीम पत्करणारं राज्य जगाच्या नकाशावर शोधून काढावं लागतं.

आता जर्मनीकडे वळू. संहार म्हटला की डोळ्यांपुढे ऑशविट्झची विषारी वायूची कोठडी येते. तो शेवट. आरंभ झाला कारकुनाच्या टेबलावर. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चान्सलर झाला. १ एप्रिलला ज्यू दुकानांवर बहिष्कार आणि ७ एप्रिलला सरकारी नोकरीतून ज्यूंना काढणारा कायदा. तेव्हा जर्मनीत ज्यू पाच लाखांच्या आसपास होते, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूरेंबर्गचे कायदे झाले: ज्यू माणूस जर्मन नागरिक नाही, ज्यू आणि जर्मन यांचं लग्न गुन्हा. यात एक अडचण होती, ज्यू कोण ते ठरवायचं कसं? वंशशास्त्राचे मोठमोठे प्राध्यापक हाताशी होते, कवट्या मोजण्याची यंत्रं होती, डोळ्यांच्या रंगाचे तक्ते होते. तरी नोव्हेंबरात नियम निघाला तो असा: ज्याच्या चार आजी-आजोबांपैकी तीन किंवा चार ज्यू, तो ज्यू. आणि आजोबा ज्यू हे कशावरून? त्याचं नाव सिनेगॉगच्या नोंदवहीत होतं यावरून! रक्ताची एवढी बढाई मारणारं राज्य पुराव्यासाठी धर्माच्या जुन्या वह्या उघडून बसलं. रक्तातलं काही सापडत नव्हतं, कारण रक्तात काही नव्हतंच.

त्यानंतर एकेक दार बंद होत गेलं. जुलै १९३८ मध्ये हुकूम निघाला की ३० सप्टेंबरपासून ज्यू डॉक्टरांचे परवाने रद्द. त्यांतल्या थोड्यांना पुढे फक्त ज्यू रोगी तपासायची मुभा होती, तीही डॉक्टर ही पदवी न लावता. ऑगस्टमध्ये फर्मान आलं, की ज्यांची नावं ज्यू म्हणून ओळखू येत नाहीत त्या पुरुषांनी नावात ‘इस्रायल’ आणि बायकांनी ‘सारा’ घालावं. ऑक्टोबरपासून पासपोर्टवर लाल शाईत ‘जे’ हे अक्षर. ९ आणि १० नोव्हेंबरच्या रात्री शेकडो सिनेगॉग जाळले, दुकानं फोडली आणि सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना धरून डाखाउ, बुखेनवाल्ड, साक्सेनहाउसेनच्या छळछावण्यांत टाकलं.

इथे एक तपशील नीट ध्यानात ठेवा. त्या तीस हजारांतल्या पुष्कळांना काही आठवड्यांत सोडलं, पण एका अटीवर: देश सोडून जाण्याची कागदपत्रं दाखवा. नवऱ्याला डाखाउतून बाहेर काढायचं तर बायकोने कुठल्या तरी वकिलातीतून व्हिसा आणायचा. चीनमधल्या शांघायचा असो, बोलिव्हियाचा असो की मुंबईचा. त्या काळी जगातला प्रत्येक व्हिसा-कारकून नकळत कुणाच्या तरी जिवाचा धनी होता.

आणि जगाने केलं काय? जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ या हवा खायच्या गावी बत्तीस देशांची परिषद भरली. एकामागून एक प्रतिनिधी उठले, ज्यूंबद्दल कळवळा व्यक्त केला आणि आमच्याकडे जागा नाही असं सांगून बसले. डॉमिनिकन रिपब्लिकने तेवढी तयारी दाखवली.

हिंदुस्थान परतंत्र होता, तेव्हा दाराची किल्ली इंग्रजांकडे होती. धोरण असं की निर्वासिताकडे नोकरी हवी किंवा तो सरकारवर ओझं होणार नाही अशी भक्कम हमी हवी. हमी देण्याचं काम मुंबईत १९३४ साली निघालेल्या ज्युईश रिलीफ असोसिएशनने अंगावर घेतलं. देशातले सारे ज्यू मिळून वीस-बावीस हजार. त्यांत बगदादी व्यापारी थोडे. बहुसंख्य होते आपले मराठी बोलणारे बेने इस्रायल: नवगावकर, केहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. कोकणात तेल गाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हटले गेलेले हे लोक पुढे रेल्वे, पोस्ट, पलटण आणि संस्थानांच्या कचेऱ्यांत शिरले. ज्या सुमाराला बर्लिनच्या बागेत ज्यूला बाकावर बसायची बंदी होती, त्याच सुमाराला, १९३७-३८ साली, मुंबईचे महापौर होते डॉ. एलिजा मोझेस, बेने इस्रायल. वरळीकडे जाणाऱ्या ई. मोझेस रोडवरून आपण शेकडो वेळा गेलो असू.

आपण ज्यूंना कधी छळलं नाही हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरं आहे. दोन हजार वर्षांचा कोकणचा इतिहास त्याला साक्षी आहे. पण न छळणं वेगळं आणि छळलेल्याला घरात घेणं वेगळं. युरोपातून पळून हिंदुस्थानात पोचलेल्या ज्यूंचा आकडा अभ्यासक हजार-दोन हजारांच्या आसपास धरतात. चाळीस कोटींच्या देशात. इंग्रजांचा यात मोठा हात होता, पण सगळं खापर त्यांच्या माथी फोडता येणार नाही. जर्मन डॉक्टर आले तर आमच्या धंद्याचं काय, हा सूर आपल्याच डॉक्टर मंडळींत निघाला होता. नेहरूंचं मत होतं की चांगले तज्ज्ञ येत असतील तर घ्यावेत, त्यात देशाचाच फायदा आहे. सुभाषबाबूंना ते पसंत नव्हतं आणि १९३९ च्या दोघांच्या पत्रव्यवहारात हा मतभेद उघड दिसतो.

गांधीजींनी २६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मध्ये ज्यूंवर लेख लिहिला. मुक्काम वर्ध्याजवळचं सेगाव. ९-१० नोव्हेंबरची ती काचांच्या चुऱ्याची रात्र होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. मानवतेसाठी एखादं युद्ध समर्थनीय ठरलंच तर ते या छळाविरुद्धचं ठरेल, इथपर्यंत ते गेले. पण युद्ध त्यांना मान्यच नव्हतं, म्हणून त्यांनी जर्मन ज्यूंना सल्ला दिला सत्याग्रहाचा. जर्मनी हे माझं घर आहे, मी जाणार नाही, काय करायचं ते करा, असं ज्यूने म्हणावं. त्याच वर्षी जर्मनी सोडून जेरुसलेमला गेलेल्या मार्टिन बुबर या तत्त्वज्ञाने फेब्रुवारी १९३९ मध्ये उत्तर लिहिलं. त्याचा मथितार्थ असा: सत्याग्रहाला साक्षीदार लागतो. छळछावणीच्या कुंपणाआड माणूस मरतो ते कुणाला दिसत नाही आणि जे दिसत नाही त्याने कुणाचं हृदय पालटायचं? मला विचाराल तर बुबर बरोबर होते. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतला आणि इथला इंग्रज पाहिला होता. कोर्ट होतं, वर्तमानपत्रं होती, पार्लमेंटात प्रश्न विचारणारा कुणीतरी होता. हिटलरच्या राज्यात यांतलं काही उरलेलं नव्हतं. आणि तरीही मला तो लेख खोटा वाटत नाही. हर्मन कालेनबाखसारखा जिवलग ज्यू मित्र १९३७ आणि १९३९ साली त्यांच्याकडे राहून गेला होता. दुःख खरं होतं, उपाय चुकला.

मराठी मुलखातला दुसरा आवाज वेगळा होता, तोही सांगितला पाहिजे. हिंदू महासभेचे अध्यक्ष म्हणून सावरकरांनी १९३८ च्या भाषणांत जर्मनीला नाझीवाद हितकर वाटत असेल तर तो तिचा हक्क आहे अशी भूमिका घेतली. मालेगावच्या भाषणात बहुसंख्य आणि अल्पसंख्य यांचं नातं सांगताना जर्मनीतल्या ज्यूंचा दाखला दिला. नागपुरात १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या गोळवलकरांच्या पुस्तकातही त्याच धर्तीचा दाखला आहे. तेव्हा विषारी वायूच्या कोठड्या नव्हत्या, हे बचावाचं म्हणणं मी ऐकलं आहे. कोठड्या नव्हत्या, पण न्यूरेंबर्गचे कायदे होते, जळालेले सिनेगॉग होते आणि हे सारं इथल्या वर्तमानपत्रांत छापून येत होतं. सावरकरांनीच पुढे १९४७ मध्ये ज्यू राष्ट्राच्या स्थापनेचं स्वागत केलं, हेही त्याच दमात सांगायला हवं. इंग्रजांचा शत्रू तो आपला मित्र, एवढ्या हिशेबावर अनेक सामान्य मराठी घरांतही हिटलरविषयी कौतुक होतं. त्याच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर अजून पदपथावर विकायला असतं, व्यवस्थापनाच्या आणि यशाच्या गुरुकिल्लीच्या पुस्तकांशेजारी.

जे थोडे आले त्यांनी काय दिलं याची यादी मी वाचत बसणार नाही. दोन-तीन नावं पुरेत. सकाळी रेडिओ लावला की बातम्यांच्या आधी व्हायोलिन आणि तानपुऱ्याची जी धून वाजायची, ती बांधली वॉल्टर कॉफमनने. कार्ल्सबाडचा ज्यू संगीतकार, १९३४ ला मुंबईत आला आणि आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी एर्न्स्ट कोन-वीनर या कलेतिहासकाराला बोलावून घेतलं आणि संग्रहालयाची मांडणी त्याच्या हाती दिली. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लांगहॅमर यांची बायको ज्यू, म्हणून देश सोडला. मुंबईत त्यांच्या घरी तरुण चित्रकारांचा राबता असे, आणि पंढरपूरला जन्मलेले नि इथे इंदूरला वाढलेले हुसेन त्यांतलेच.

संस्थानिकांच्या संदर्भात मॉरिस फ्रीडमनचं नाव घेतलं पाहिजे. वॉर्साचा ज्यू इंजिनिअर. हिटलरच्या भीतीने नव्हे, अध्यात्माच्या ओढीने १९३५ च्या सुमाराला हिंदुस्थानात आला. साताऱ्याकडच्या औंध संस्थानात, जे देवासपेक्षा फार मोठं नव्हतं, भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८-३९ मध्ये प्रजेच्या हाती सत्ता दिली. त्या घटनेची आखणी गांधीजींच्या सल्ल्याने राजपुत्र अप्पा पंत आणि फ्रीडमन यांनी केली. आटपाडीजवळचा कैद्यांचा स्वतंत्रपूरचा खुला तुरुंग फ्रीडमनच्याच डोक्यातून निघाला आणि शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ला तिथूनच बीज मिळालं. म्हातारपणी मुंबईत तो निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत आणत बसला. बहात्तर गावांच्या राजाने एका परक्या ज्यूवर विश्वास टाकला. वॉर्सात दरम्यान काय झालं? १९४० च्या नोव्हेंबरात ज्यूंच्या वस्तीभोवतीची भिंत बंद झाली, आणि २२ जुलै १९४२ पासून दोन महिन्यांत तिथली अडीच लाखांहून अधिक माणसं आगगाडीने ट्रेब्लिंकाला नेऊन मारली.

आता देवास.

१९०७ साली थोरल्या पातीचे तरुण राजे तुकोजीराव यांच्यासाठी इंग्रज सरकारने एक मास्तर पाठवला. पंचविशी ओलांडलेला आय.सी.एस. अधिकारी, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा, नाव माल्कम डार्लिंग. शिष्य एकोणीस वर्षांचा. मास्तर-शिष्याची मैत्री झाली आणि ती तुकोजीरावांच्या अखेरीपर्यंत, म्हणजे ते राज्य सोडून पाँडिचेरीला गेले नि १९३७ ला तिथे वारले तोपर्यंत, टिकली. डार्लिंग त्यांना बापूसाहेब म्हणत. याच डार्लिंगने आपल्या केंब्रिजच्या मित्राला देवास दाखवलं. तो मित्र म्हणजे ई. एम. फॉर्स्टर. १९१२ च्या नाताळात तो पहिल्यांदा आला. १९२१ मध्ये महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून सुमारे सहा महिने राहिला. बागा, मोटारी, पाहुण्यांचा बंगला आणि वीजघर, असा कारभार त्याच्याकडे. जुन्या वाड्यातला गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने पाहिला, कपाळाला टिळा लावून घेतला. एकाच गावात दोन राज्यं, दोन दरबार, आणि टेकडीवर मोठी माता नि छोटी माता, हा प्रकार त्याला काही केल्या उलगडेना. ‘द हिल ऑफ देवी’ हे त्याचं पुस्तक १९५३ साली निघालं. देवासकरांनी ते वाचलेलं असतं, निदान त्यातल्या टिंगलीबद्दल रागावलेले तरी असतात.

पण त्याच फॉर्स्टरने १९३९ साली ‘न्यू स्टेट्समन’मध्ये लिहिलेले दोन छोटे लेख इथे फारसे कुणी वाचलेले नाहीत. एक इंग्लंडमधल्या ज्यूद्वेषावर आहे, जर्मनीतल्या नव्हे. तो आपल्या शाळेची आठवण सांगतो. पहिल्या शाळेत बहीण असणं लाजिरवाणं समजलं जाई आणि दुसरीत आई असणं! मुलं एकमेकांच्या बहिणींचा, आयांचा सुगावा काढत आणि चिडवत. मोठेपणी बघतो तर सुशिक्षित मंडळी त्याच शाळकरी चवीने अमका ज्यू आहे का याचा सुगावा काढतायत. कुणी म्हणतं माझं काही ज्यूंशी वाकडं नाही, पण... त्या ‘पण’पाशी फॉर्स्टर थांबतो. दुसऱ्या लेखात वंशशुद्धीवाल्यांना त्याने एक गणित घातलं: तुमच्या आठ पणजोबा-पणजींची नावं सांगा बरं. राजघराणी सांगतील, थोडे सरदार सांगतील, बाकी सगळे नापास. मग रक्त शुद्ध असल्याचा दाखला कोण कुणाला देणार? परमारांपर्यंत वंशावळ नेणाऱ्या देवासच्या पवारांच्या दरबारात ज्याने चाकरी केली, त्याला हा प्रश्न सुचावा यात मला नवल वाटत नाही. इथे त्याने भाट आणि वंशावळी जवळून पाहिल्या होत्या. गंमत करत पाहिल्या, पण पाहिल्या. १९४० मध्ये बीबीसीवरून त्याने नाझींविरुद्ध तीन भाषणं केली.

आणि डार्लिंग? ३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध पुकारलं गेलं आणि हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांची धरपकड सुरू झाली. कायद्याच्या दृष्टीने जर्मन पासपोर्टवाला प्रत्येक माणूस परकीय शत्रू. ज्यू निर्वासितांकडे दुसरा कुठला पासपोर्ट असणार? ज्या कागदावर हिटलरच्या कारकुनाने लाल ‘जे’ उमटवला होता, त्याच कागदावरून इंग्रज पोलिसाने त्यांना जर्मन ठरवलं. मुंबई, कलकत्ता, मद्रासहून माणसं अहमदनगरच्या, आजच्या अहिल्यानगरच्या, लष्करी छावणीत आणली गेली. कंपन्यांचे पक्के नाझी एजंट, मिशनरी, खलाशी, आणि त्यांच्याच शेजारी नाझींपासून जीव वाचवून आलेले डॉक्टर आणि व्यापारी. नंगा पर्वताची पाहणी करून परतताना पकडलेला गिर्यारोहक हाइनरिख हारर हाही नगरलाच होता. पुढे डेहराडूनच्या छावणीतून पळून तो तिबेटात गेला, त्याच्यावर सिनेमा निघाला, आणि तो नाझींच्या एसएस या निमलष्करी दलाचा सभासद होता ही गोष्ट १९९७ साली उघड झाली. १९३९ च्या हिवाळ्यात एसएसचा सभासद आणि एसएसने देशोधडीला लावलेले लोक एकाच तारांच्या आत एकाच भटारखान्यातलं जेवत होते.

यातून कोण नाझी आणि कोण निर्वासित हे निवडायला सरकारने समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर माल्कम डार्लिंग. देवासचे मास्तर! पंजाबातल्या शेतकऱ्याच्या कर्जावर आयुष्यभर काम करून आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले. डार्लिंग समिती म्हणूनच ती कागदोपत्री ओळखली जाते. एकेक कैदी समोर बोलावायचा, विचारायचं: कधी आलास, का आलास, पक्षाचा सभासद होतास का, तुझ्यासाठी हमी कोण देतो? कर्जाची चौकशी करताना ज्याने हजारो खेडुतांना असंच समोर बसवून विचारलं होतं, त्याला हे काम नवं नव्हतं. समितीच्या शिफारशीवरून बहुतेक ज्यू पुढच्या काही महिन्यांत सुटले.

ही गोष्ट मला विलक्षण वाटते, ती योगायोगामुळे नव्हे. त्याच काळात बर्लिनमध्येही माणसांना टेबलासमोर बोलावून वर्गवारी चालली होती. तिथे प्रश्न होता: तुझे आजोबा कोण? नगरला प्रश्न होता: तू स्वतः काय केलंस? साम्राज्याच्या नोकराची समिती होती ती, न्यायाधीशांची नव्हे. सुटका हक्क म्हणून नव्हती, मेहेरबानी म्हणून होती. ज्यांना मुळात आत टाकायचं कारणच नव्हतं त्यांना बाहेर काढणं एवढंच तिचं काम. तरी दोन प्रश्नांत जे अंतर आहे ते जिवंत राहण्याचं अंतर आहे.

आणि मेहेरबानी किती टिकली तेही सांगतो. मे १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंड-बेल्जियम तुडवत फ्रान्समध्ये घुसल्या, इंग्लंडात घबराट झाली आणि हिंदुस्थानातही नव्याने धरपकड झाली. डार्लिंग समितीने निर्दोष म्हटलेले अनेक जण पुन्हा आत गेले. काही देवळालीला आणि तिथून डेहराडूनला. कुटुंबवाल्यांची पुरंदर किल्ल्यावर आणि साताऱ्याला सोय झाली, म्हणजे गावाची हद्द ओलांडायची नाही, हजेरी द्यायची. पुरंदरच्या थंड हवेत हे लोक युरोपातल्या आईबापांच्या पत्रांची वाट पाहत बसले. १९४१ च्या जूनमध्ये रशियावर हल्ला झाल्यावर कत्तल करणाऱ्या खास तुकड्या सैन्यामागोमाग निघाल्या. कीव्हजवळच्या बाबी यारच्या घळीत २९ आणि ३० सप्टेंबरच्या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या. हा आकडा मारणाऱ्यांच्याच अहवालातला आहे, एकेक मोजून लिहिलेला. २० जानेवारी १९४२ ला बर्लिनमधल्या वानझे तलावाकाठच्या बंगल्यात पंधरा अधिकारी जमले आणि साऱ्या युरोपातल्या ज्यूंच्या विल्हेवाटीची व्यवस्था कोणत्या खात्याने कशी लावायची ते ठरवून दीडेक तासात उठले. त्यांतले निम्मे डॉक्टरेट मिळवलेले होते. युद्ध संपलं तेव्हा साठ लाख ज्यू मारले गेले होते. नगरला, पुरंदरला, साताऱ्याला अडकलेले वाचले, आणि युद्धानंतर बहुतेक जण अमेरिका, इंग्लंड, इस्रायल, ऑस्ट्रेलियाला निघून गेले. कॉफमन १९४६ मध्येच गेला.

डार्लिंग १९४० मध्ये विलायतेला परतले आणि बीबीसीत हिंदुस्थानासाठीच्या कार्यक्रमांचे संपादक झाले. फॉर्स्टरही बीबीसीवरून हिंदुस्थानी श्रोत्यांसाठी पुस्तकांवर बोलत असे. १९६६ साली डार्लिंग यांच्या आठवणींचं पुस्तक निघालं. त्यात १९०४ ते १९०८ एवढीच वर्षं आहेत. बापूसाहेब आहेत, देवासचा वाडा आहे, आणि पुस्तक तिथे थांबतं. नगरचं टेबल ज्यांना पाहायचं आहे, विशेषतः इथल्या कॉलेजात इतिहास शिकणाऱ्या मुलामुलींना, त्यांना दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जावं लागेल. गृहखात्याच्या १९३९-४० च्या परकीय नागरिकांच्या फायली मागवा. टंकलेखनाची शाई फिकी झाली असली तरी वाचता येते.